पाणी किती वेळ आलें ?

नगरपालिकेचा वार्षिक अहवाल हा मराठींत नियमितपणें छापला जाणारा, पण मराठी मनुष्यानें सहसा न वाचलेला असा एक ग्रंथप्रकार आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर वेळेचा तोटा राहिला नाहीं, तेव्हां मीं आमच्या गांवचे असे चार-पांच अहवाल मिळविले आणि एखादा कठीण श्लोक आपण जसा पदच्छेद करून वाचतों, तसे ते वाचून काढले. भाषा निर्दोष होती. आंकडे तर विपुल. किती लाख रुपये खर्चीं पडले, किती लांबीची जलवाहिनी टाकली, किती दिवे बसविले, घंटागाड्या किती घेतल्या, तक्रारी किती आल्या आणि त्यांपैकीं किती ‘निकालीं’ निघाल्या, हें सारें त्यांत यथासांग दिलें होतें. आमच्या आळीच्या शेवटच्या घरच्या नळाला काल पाणी आलें कीं नाहीं, आणि आलें असल्यास किती वेळ, एवढें मात्र त्या शेंसव्वाशें पानांतून कोणाला सांगतां आलें नसतें.

शाळेच्या अहवालांत खडूच्या पेट्या किती उघडल्या, बांक किती दुरुस्त केले, शिक्षकांनीं तास किती घेतले हें सगळें लिहावें, आणि चौथीच्या मुलांना धडा वाचतां येतो कीं नाहीं हें लिहावयाचें राहून जावें, त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकेंत १९३८ सालीं क्लॅरेन्स रिड्ले व हर्बर्ट सायमन या दोघांनीं नगरपालिकांच्या कामाचें मोजमाप कसें करावें यावर एक पुस्तक काढलें. त्यांपैकीं सायमन यांना पुढें १९७८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण नळावर उभ्या राहणाऱ्या मनुष्याला त्यांचें हें आधींचें पुस्तकच अधिक जवळचें वाटावें. खर्च निराळा, श्रम निराळे, झालेलें काम निराळें, आणि त्या कामाचें फळ निराळें, असा भेद त्यांनीं केला. आगीचे बंब किती रुपयांचे घेतले हें खर्चाचें माप झालें. आगीनें गांवाचें नुकसान किती झालें हें फळाचें. आमचे अहवाल खर्चापाशीं सुरू होतात, कामापाशीं संपतात, आणि फळाच्या दारापर्यंत पोंचतच नाहींत.

आपल्या पूर्वजांना हा विचार अगदींच अपरिचित होता असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या मुख्य अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या हाताखालच्या गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबें सोंपविलेलीं असत. तेवढ्या घरांतील माणसें किती, त्यांचा व्यवसाय कोणता, आयव्यय काय, हें त्यास ठाऊक असावयाचें. रस्त्यावर धूळ-केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग दंड, चिखलपाण्यानें वाट अडविणाऱ्यास चौथा भाग, आणि हाच अपराध राजमार्गावर झाल्यास दुप्पट. पाण्याचीं ठिकाणें व रस्ते यांची पाहणी मुख्य अधिकाऱ्यानें स्वतः आणि दररोज करावयाची. दर चाळीस घरांमागें एक जाणता मनुष्य ही कल्पना मला फार आवडते. तथापि ती सगळी व्यवस्था राजाच्या डोळ्यांसाठीं होती. गोपाला कळे तें वर जाई, खालीं कांहीं येत नसे. ज्याच्या घरचें पाणी गेलें त्यानें कोणाला काय विचारावें, याविषयीं तो अध्याय मुका आहे.

आतां आजच्या काळाकडे येऊं. भारत सरकारच्या नगरविकास मंत्रालयानें २००८ सालीं नागरी सेवांचे मापदंड ठरवून दिले. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या चार सेवांसाठीं मिळून २८ मापें. पाण्यापुरतें बोलावयाचें तर दर माणशीं दररोज १३५ लिटर, दिवसाचे २४ तास, हिशेबाबाहेर जाणारें पाणी २० टक्क्यांहून अधिक नको, प्रत्येक जोडणीस मीटर, आणि आलेल्या तक्रारींपैकीं ८० टक्क्यांचें निवारण. तेराव्या वित्त आयोगानें २०१० ते २०१५ या काळांत राज्यांच्या अनुदानाचा कांहीं भाग असल्या मापदंडांच्या जाहीर प्रसिद्धीशीं जोडला, त्यामुळें नगरपालिकांना आपापले आंकडे व पुढील वर्षाचें उद्दिष्ट छापणें भाग पडलें. त्या ग्रंथांतील एक गोष्ट तर मास्तरी पेशाच्या मनुष्यास मोह घालणारी आहे. प्रत्येक आंकड्याबरोबर तो कितपत भरंवशाचा हेंही अक्षरानें सांगावयाचें; प्रत्यक्ष मोजलेला असेल तर वरची श्रेणी, अंदाजानें ठोकून दिलेला असेल तर सर्वांत खालची. परीक्षेंत विद्यार्थ्यानें उत्तराखालीं “हें मीं शेजाऱ्याचें पाहून लिहिलें आहे” असें स्वहस्तें नमूद करावें, तितकाच हा प्रामाणिकपणा दुर्मिळ ! पण तोच खरा उपयोगाचा. ज्या गांवांत मीटर नाहींत तेथें पंप किती तास चालला त्यावरून पाणी ठरवितात, त्यास लोकसंख्येनें भागितात, आणि वाटेंत फुटक्या नळांतून गटारांत गेलेलें पाणी सुद्धां नागरिकांनीं प्यालेलें पाणी म्हणून कागदावर चढतें.

आमच्या घरीं या विषयाचा अभ्यास पुस्तकावरून सुरू झाला नाहीं. तो सूनबाईंच्या दिनदर्शिकेवरून झाला. पाणी पहांटे पांचाच्या सुमारास येतें आणि सर्वांआधीं त्या उठतात. दुधाचा रतीब ज्या चौकटींत लिहावयाचा तेथेंच त्या पाणी आल्याची व गेल्याची वेळ टिपून ठेवीत. तें पाहून माझ्या मनांत आलें कीं हेंच टांचण आळींतील आणखी घरांतून झालें तर ? नातू आणि त्याचे सवंगडी यांना सुट्टी होती. उंच टाकीजवळच्या वरच्या टोंकापासून खालच्या ओढ्याकाठच्या वस्तीपर्यंत चोवीस घरें आम्हीं निवडलीं, आणि वैशाखाचे तीस दिवस प्रत्येक घरीं दोनच गोष्टी लिहिल्या : पाणी किती मिनिटें आलें, आणि पंधरा लिटरांची बादली भरावयास किती वेळ लागला. वहीवर घराचा क्रमांक, नांव नाहीं.

महिन्याअखेर जें दिसलें तें असें. वरच्या अंगाच्या घरांत पाणी सरासरी एकशें दहा मिनिटें येई आणि बादली एका मिनिटांत भरे. खालच्या शेवटच्या आठ घरांत तें पंचवीस मिनिटें येई, आणि बादलीला चार मिनिटें लागत. तीसपैकीं सहा दिवस तेथें पाणी मुळींच आलें नाहीं, तें वेगळेंच. पंचवीस मिनिटांत सहा बादल्या, म्हणजे ९० लिटर; घरांत माणसें पांच; दर माणशीं १८ लिटर. वरच्या एका घरांत १,६५० लिटर आणि माणसें नऊ. दर माणशीं १८३. आतां मौज पाहा. दोन्ही घरें एकत्र केलीं तर १,७४० लिटर आणि १४ माणसें. सरासरी निघते १२४ लिटर. सरकारी मापाच्या अगदीं जवळ ! या सरासरीच्या आधारें कोणीही अधिकारी समाधानानें झोंपूं शकेल, आणि १२४ लिटर मिळालेलें माणूस मात्र त्या दोन घरांत शोधून सांपडावयाचें नाहीं. वर्गाची सरासरी पन्नास आली म्हणून शून्य मिळालेला मुलगा उत्तीर्ण होत नाहीं हें प्रत्येक मास्तराला कळतें. नगराच्या सेवेचें माप सरासरीनें नव्हे, शेवटच्या नळानें घ्यावें, असें माझें तेव्हांपासून मत आहे.

ही वही घेऊन मी पाणीपुरवठा विभागांत गेलों. तेथील गृहस्थ सौजन्यानें वागले. त्यांनीं तक्रारींचें रजिस्टर काढून दाखविलें : आमच्या प्रभागांतून वर्षभरांत तक्रारी तीन, तिन्ही निकालीं. “गुरुजी, लोकांना त्रास असता तर लोक बोलले नसते का ?” हा त्यांचा प्रश्न खोडसाळ नव्हता, त्यांना तो मनापासून पडला होता. पण त्या तिन्ही तक्रारी वरच्या अंगाच्या घरांच्या होत्या. ज्या बाईला चार घरचीं भांडीं घांसावयाचीं आहेत, तिनें सकाळीं अकरा वाजतां कार्यालयाच्या खिडकीपाशीं येऊन अर्ज लिहावा कधीं ? शिवाय तक्रार करावयास कांहीं एक आशा लागते. वीस वर्षें ज्यांचें कोणी ऐकलें नाहीं ते बोलावयाचे थांबतात, आणि रजिस्टर स्वच्छ होतें. तक्रारींची संख्या कमी म्हणजे सेवा उत्तम हें गणित जेथें मांडलें जातें, तेथें मुकेपणालाच समाधान समजलें जातें.

याच कोड्याचें उत्तर बंगळूर शहरांत १९९४ सालीं एका निराळ्या रीतीनें शोधलें गेलें. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे एके काळचे संचालक सॅम्युअल पॉल यांनीं ‘पब्लिक अफेअर्स सेंटर’ या संस्थेमार्फत नागरिकांचें प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केलें. शाळेंत आपण मुलांना देतों तेंच, पण येथें गुण देणारे नागरिक आणि गुण घेणारीं कार्यालयें. त्यांनीं कार्यालयांना कांहीं विचारलें नाहीं. घरोघर जाऊन विचारलें. वीज, पाणी, दूरध्वनि, महानगरपालिका, दवाखाने यांच्याशीं तुमचा संबंध आला का, किती खेपा घालाव्या लागल्या, काम झालें का, लांच द्यावी लागली का, तुम्ही समाधानी आहां का ? पहिलें प्रगतिपुस्तक इतकें वाईट निघालें कीं वृत्तपत्रांना बरेच दिवस विषय पुरला. परंतु छापल्याबरोबर सुधारणा झाली, असें मात्र घडलें नाहीं. १९९९ सालच्या दुसऱ्या प्रगतिपुस्तकांत फरक थोडाच दिसला. त्याच वर्षीं मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनीं नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालीं शहरासाठीं एक कार्यगट नेमला, आणि निरनिराळ्या खात्यांच्या प्रमुखांना ठराविक काळानें भरसभेंत उभें राहून आपण काय कबूल केलें होतें व काय केलें हें सांगावें लागूं लागलें. २००३ सालच्या तिसऱ्या प्रगतिपुस्तकांत गुण लक्षणीय वाढलेले होते. मला या हकीगतींत मोजण्याइतकेंच महत्त्व त्या भरसभेचें वाटतें. प्रगतिपुस्तक घरीं नेल्यावर वडिलांनीं पाहून सही करावयाची असते. ती सहीच नसेल तर मुलगा गुणांची फिकीर कशाला करील?

येथें कोणी म्हणेल, मग प्रत्येक कामाला गुण लावा म्हणजे झालें. आयुष्यभर गुण देत आलेला मनुष्य म्हणून मला या उत्साहाची धास्ती वाटते. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं शाळांच्या अनुदानाचे नवे नियम केले : मुलांची हजेरी, आणि तपासनीसासमोर वाचन, लेखन, अंकगणित यांत मुलें किती उत्तीर्ण होतात, यांवर पैसा. परिणाम असा झाला कीं शिक्षक नेमलेलें वाचनपुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेऊं लागले आणि बाकीचें शिक्षण मागें पडलें. स्वतः तपासनीस असलेले कवि मॅथ्यू आर्नल्ड यांनीं या पद्धतीवर कडाडून टीका केली, तरी ती जावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. आमच्या शाळेची तपासणी असे त्या दिवशीं भिंतींना चुना लागे आणि हुषार मुलें पहिल्या बांकावर येत, हें काय मला ठाऊक नाहीं ? शहरांचेंही असेंच. २०१६ सालीं ७३ शहरांत स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालें. त्या वर्षीं म्हैसूर पहिलें आलें, आणि २०१७ पासून २०२३ पर्यंत दरवर्षीं इंदूर, शेवटच्या वर्षीं सुरतेबरोबर. इंदूरचें यश दिखाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. ओला व सुका कचरा घरींच वेगळा करून देण्याची शिस्त त्या नगरानें खरोखर बाणविली. पण पाहणीचे लोक यावयाचे म्हटल्यावर भिंतीवर चित्रें काढून मोकळीं होणारीं गांवेंही मीं पाहिलीं आहेत.

दुसरें उदाहरण घरचेंच. महाराष्ट्रांत २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम झाला. ठरलेल्या मुदतींत दाखला न दिल्यास अपील करतां येतें, आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कायदा उत्तम. आमच्या एका आप्तांनीं एका कार्यालयांत साध्या दाखल्यासाठीं अर्ज केला. मुदत संपावयास एक दिवस उरला असतां त्यांत त्रुटि निघाली व अर्ज परत आला. ती दुरुस्त करून दिली. पुन्हां मुदतीच्या आदल्या दिवशीं दुसरी त्रुटि. प्रत्येक वेळीं दिवस नव्यानें मोजले गेले. दाखला अडीच महिन्यांनीं मिळाला, आणि दप्तरीं तो मुदतींतच दिलेला आहे. माप जेथें कार्यालयाच्या हातांत असतें तेथें तें असें लवचिक होतें; अर्जदाराच्या हातांतील दिनदर्शिका अशी लवत नाहीं.

आमच्या वहीकडे परत येतों, कारण तिनें जें पुढें दाखविलें त्याची आम्हांला अपेक्षा नव्हती. नातू आंकडे पाहतां पाहतां म्हणाला, “आजोबा, हे चार दिवस बघा ना. या चारही दिवशीं खालच्या घरांत पाऊण तासाच्या वर पाणी आलंय.” तारखा ताडून पाहिल्या. त्या चारही पहांटे वीज गेलेली होती. पाणी टाकींतून उतारानें येतें, त्याला विजेचें कांहींच कारण नाहीं. विजेचें कारण आहे तें वरच्या घरांनीं नळाला थेट लावलेल्या मोटारींना. मोटार चालली कीं नळींतलें पाणी ओढलें जातें आणि खालचा नळ सुसकारे टाकतो. हें नियमाबाहेर आहे, सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनच तें बहुशः चालतें. आमच्या घरींही वर्षभरापूर्वीं माझ्या धाकट्या बंधूंनीं मोटारीचा आग्रह धरला होता. “दादा, सगळ्यांनीं लावली, आपणच हरिश्चंद्र का ?” त्या वेळीं उत्तर मीं दिलें नाहीं, सूनबाईंनीं दिलें. “काका, आपल्याकडे काम करणाऱ्या मावशी त्या शेवटच्या नळावरच पाणी भरतात. आपण ओढून घेतलेलं पाणी त्यांच्याच घरचं असेल.” तो विषय तेथें मिटला.

वहीचा गोषवारा प्रभागाच्या सभेंत वाचावयाचा ठरला, तेव्हां आमचे शेजारी रात्रीं घरीं आले. चाळीस वर्षांचा घरोबा. त्यांच्या मुलींना मीं संस्कृत शिकविलें, त्यांनीं माझ्या आजारपणांत रात्रीं जागविल्या. ते म्हणाले, “क्रमांक लिहिलात म्हणून काय झालं ? सात नंबर कोणाचा हें कोणाला कळत नाहीं ? माझ्या घरचा हिशेब चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला ?” आणि जातांना आणखी एक वाक्य बोलले, तें मला अजून खोडतां आलेलें नाहीं : “चोवीस तास पाणी सोडायला सांगा त्यांना, मोटार मी स्वतः काढून देतों.” त्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. मोजकेच तास पाणी येतें म्हणूनच मनुष्य ओढतो, सांठवितो आणि दुसऱ्या दिवशीं ताजें आलें कीं शिळें ओतून देतो. नळ्या मधूनमधून रिकाम्या राहतात, त्यामुळें आजूबाजूची घाण फटींतून आंत शिरते. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरानें मीटर बसवून, जास्त वापरणाऱ्यास चढता दर लावून, चोवीस तास पाणी देऊन दाखविलें. कर्नाटकांत हुबळी-धारवाडच्या कांहीं भागांतही तें झालें, आणि तेथील तपासणींत सतत येणारें पाणी मोजक्या वेळीं येणाऱ्या पाण्याहून शुद्ध आढळलें. म्हणजे गोष्ट अशक्य नाहीं. पण ती होईपर्यंत दर माणशीं अठरा लिटरांवर कोणी किती वर्षें थांबावें ?

गोषवारा मीं वाचला. सभेंत थोडी आरडाओरड झाली. मुख्याधिकाऱ्यांनीं कागद मागून घेतला, आणि पंधरा दिवसांनीं आमच्या आळीच्या मध्यावर एक झडप बसली. आतां पहिला तास खालच्या वस्तीसाठीं, नंतर वरच्या घरांसाठीं. शेवटच्या नळाला हल्लीं पन्नास मिनिटें पाणी येतें. आमच्याकडे एकशें दहाचीं सत्तर झालीं. वरच्या घरांना हें अर्थातच मानवलें नाहीं. वर्षाला तीन तक्रारी येणाऱ्या आमच्या प्रभागांतून पुढल्या चार महिन्यांत एकेचाळीस आल्या, आणि अहवालाच्या हिशेबानें आमचा प्रभाग आतां गांवांतील सर्वांत असमाधानी प्रभाग ठरणार आहे. शेजाऱ्यांचें व माझें बोलणें अद्याप पूर्ववत् झालेलें नाहीं; गणपतीच्या आरतीस त्यांच्या मुली आल्या, ते आले नाहींत.

झडपेची किल्ली फिरविणारा चावीवाला बावीस वर्षें हेंच काम करीत आहे. एके दिवशीं मीं त्याला चहाला बोलाविलें आणि वही दाखविली. त्यानें पानें उलटलीं, आणि कोणत्या घरीं मोटार, कोठें जुनी नळी गंजली, कोणत्या वळणावर गळतें, हें एकामागून एक सांगत गेला. आमच्या तीस दिवसांच्या आंकड्यांत नव्हतें तेंही त्याला तोंडपाठ होतें. “मग हें वर कधीं सांगितलं नाहींस ?” मीं विचारलें. “गुरुजी, वर विचारतात ते एवढंच, कीं पाणी सोडलं का. मी म्हणतों, सोडलं.” हल्लीं तो झडपेच्या झांकणाशेजारच्या भिंतीवर सोडल्याची आणि बंद केल्याची वेळ खडूनें लिहितो, आणि खालच्या वस्तींतील मावशी कामावर येतां येतां तिच्याखालीं आपल्या नळाची वेळ लिहून येतात.